चमचाभर विरजण : हॉटेलचे पॉइंट्स आणि विमानाचे माइल्स बाद होऊ नयेत म्हणून

माझे आई-बाबा २०१४ मध्ये पहिल्यांदा दादाकडे न्यू जर्सीला गेले, तेव्हा तिकीट काढणाऱ्या एजंटानेच विमान कंपनीची दोघांची सभासद खाती उघडून दिली होती. जाऊन-येऊन दोघांचे मिळून वीस हजारांवर माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल खात्यात पडणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, जमले. बाबांनी नंबर एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवले. पुढची वारी २०१८ मध्ये. चेक-इनच्या काउंटरवर बाबांनी मोठ्या ऐटीत चिठ्ठी काढली. पलीकडच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, खात्यात शून्य आहे."

माइल्स आदल्याच वर्षी बाद झाले होते. कंपनीने कळवलंही होतं, तीनदा. पण ती पत्रं गेली एजंटाच्या ईमेलवर, कारण खातं उघडताना त्याने स्वतःचाच पत्ता टाकला होता.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या खात्यांचा हिशेब माझ्याकडे आला. आता ती नऊ आहेत: आई-बाबांची, आमची दोघांची, शिवाय नवऱ्याची कंपनीच्या कामासाठी फिरताना उघडलेली. या कामात बुद्धी फारशी लागत नाही. कुठल्या खात्याचा नियम काय, एवढं एकदा नीट समजून घ्यावं लागतं. ज्यांनी नुकतंच एखादं खातं उघडलं आहे, किंवा ऑनसाइटहून, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या परदेशातल्या कामाहून, परतल्यावर जुनी खाती तशीच पडून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मुदतीचा प्रकार ओळखा

कंपनीच्या हिशेबात तुमचे पॉइंट्स हे देणं असतं. उद्या तुम्ही ते घेऊन दारात उभे राहिलात तर खोली नाहीतर सीट द्यावी लागणार. पॉइंट न वापरता बाद झाला की ते देणं आपोआप उतरतं. म्हणून मुदतीची आठवण करून देणारं पत्र जाहिरातींच्या ढिगात हरवलं, तर त्याचं दुःख फक्त आपल्याला होतं.

मुदतीचे ढोबळ प्रकार तीन. मी आईला समजावताना स्वयंपाकघरातली उदाहरणं दिली होती, तीच इथे देते.

पहिला प्रकार दुधाच्या पिशवीचा. तारीख छापलेली असते आणि ती कशानेही हलत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी जातात. तुम्ही मधल्या काळात दहा वेळा उडालात तर नवे दहा वेळा जमा होतील, पण जुने जुन्याच तारखेला जातील. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचीही मुदत तीन वर्षांचीच, फक्त तिथे तिसऱ्या वर्षी तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस माइल्स जातात. म्हणजे एकाच विमानात शेजारी बसून गेलेल्या नवरा-बायकोचे माइल्स वेगवेगळ्या महिन्यांत बाद होऊ शकतात. लुफ्थान्सा ज्यात मोडते त्या माइल्स अँड मोअरमध्ये ३६ महिने आणि मग त्या तिमाहीचा शेवट. वरच्या दर्जाचे सभासद असाल किंवा त्यांचं क्रेडिट कार्ड असेल तर सूट मिळते, पण आपल्यासारख्या तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्यांना ती लागू होण्याची शक्यता कमी.

दुसरा प्रकार विरजणाचा. कालच्या दह्यातलं चमचाभर आज लावलं की दही पुढे चालू राहतं. चार दिवस विसरलात की आंबून संपलं. इथे मुदत मोजली जाते ती खात्यातल्या शेवटच्या हालचालीपासून. हालचाल म्हणजे पॉइंट्स मिळणं किंवा खर्च होणं. एक छोटी हालचाल झाली की सगळीच्या सगळी शिल्लक पुन्हा पूर्ण मुदतीची होते, मग ती हालचाल शंभर पॉइंट्सची का असेना. मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स आणि वर्ल्ड ऑफ हयात या हॉटेलांच्या तिन्ही योजनांत ही मुदत २४ महिन्यांची आहे. हॉलिडे इन आणि इंटरकॉन्टिनेंटल ज्यांची आहेत त्या आयएचजीमध्ये साध्या सभासदाला फक्त १२ महिने मिळतात. सिल्व्हर किंवा त्यावरच्या दर्जाला मुदत नाही. नोव्होटेल, सोफिटेल, आयबिस चालवणाऱ्या अकॉरमध्येही वर्षच. विमानांपैकी कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज या दोन्हींच्या एव्हिऑसना (त्यांच्या माइल्सचं नाव) ३६ महिने, अमेरिकन एअरलाइन्सला २४. एअर इंडियाचा महाराजा क्लबही याच जातीतला, पण तिथला चमचा वेगळा: २४ महिन्यांतून एकदा तरी विमानात बसावं लागतं.

तिसरा प्रकार मिठाच्या बरणीचा, म्हणजे मुदतच नाही. डेल्टा, जेटब्लू, साउथवेस्ट, व्हर्जिन अटलांटिक यांचे पॉइंट्स असे आहेत. युनायटेडने आपल्या माइल्सची मुदत २०१९ मध्ये काढून टाकली.

काही ठिकाणी दोन घड्याळं एकदम चालतात. रमाडा ज्या विंडहॅम समूहात येतं तिथे १८ महिने हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात, आणि हालचाल चालू ठेवली तरी मिळाल्यापासून चार वर्षांनी जातातच. विरजण लावलेलं दही, पण पिशवीवर तारीख छापलेली.

हे नियम बदलतात, कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध. म्हणून माझ्यावर किंवा कुणावरही विसंबून न राहता आपल्या खात्यात शिरून 'एक्स्पायरी' शब्द शोधा आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

सगळी खाती एका कागदावर आणा

हे काम एका रविवारी दुपारी होतं. आपल्या ईमेलमध्ये प्रत्येक कंपनीचं नाव टाकून शोधा. 'वेलकम' आणि 'स्टेटमेंट' या शब्दांनीही शोधा. पाच-सात वर्षांपूर्वी परिषदेला गेला असताना हॉटेलच्या रिसेप्शनवर पटकन उघडून दिलेलं खातं असंच सापडतं. मग वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये रकाने करा: कुणाचं खातं, कुठलं, नंबर, नोंदवलेला ईमेल, नोंदवलेला मोबाइल, शिल्लक, मुदतीचा प्रकार, शेवटच्या हालचालीची तारीख आणि बाद होण्याची तारीख. पासवर्ड त्यात लिहू नका.

यातले ईमेल आणि मोबाइल हे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. घोडं नेहमी तिथेच पेंड खातं. ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं खातं नोकरी सुटली की हाताबाहेर जातं. अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेल्यांच्या खात्याला तिथला मोबाइल नंबर जोडलेला असतो. परतल्यावर सिम बंद होतं आणि ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतो. नोकरी सोडण्याआधी, सिम बंद करण्याआधी, दोन्ही बदलून घ्या. नंतर बदलायचे तर पासपोर्टची प्रत पाठवणं, फोनवर ताटकळणं, सगळं आलं.

आणि नाव. हा आपल्याकडचा खास घोळ आहे. पासपोर्टवर बऱ्याच जणांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही एकत्र 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असतात. तिकीट त्या नावाने निघतं आणि सभासद खातं मात्र वडिलांच्या नावाशिवाय. नावं जुळली नाहीत की काही कंपन्यांची यंत्रणा माइल्स जमाच करत नाही, आणि जमा झाले नाहीत तर हालचालही नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींची तर हमखास दोन खाती असतात, एक माहेरच्या आडनावाचं आणि एक सासरच्या. खातं पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. एकाच कंपनीत दोन खाती असतील तर त्यांना लिहून ती एकत्र करून मागा. बहुतेक कंपन्या विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद बघून करून देतात. तिसरं खातं उघडून प्रश्न सोडवू नका, प्लीज.

जमा व्हायला हवे होते आणि झाले नाहीत, असं दिसलं तर बोर्डिंग पास शोधा. राहून गेलेले माइल्स नंतर मागता येतात, पण त्यालाही मुदत असते, साधारण सहा महिने ते वर्ष. त्यामुळे माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकायचा नाही. आमच्या घरात ते फ्रिजवर चुंबकाखाली असतात.

विरजण लावायचं कसं

आधी काय केल्याने विरजण लागत नाही ते सांगते, कारण गैरसमज तिथेच जास्त. खात्यात लॉग-इन केल्याने मुदत वाढत नाही. पत्ता बदलल्याने वाढत नाही. पुढच्या महिन्याची खोली आज बुक केली तर आज काही होत नाही. राहून निघाल्यावर, बिल झाल्यावर आणि पॉइंट्स खात्यात पडल्यावर मगच ती हालचाल. मॅरियटमध्ये तर घरच्यांनी आपल्याला पॉइंट्स पाठवले किंवा आपण त्यांना दिले तरी ती हालचाल धरत नाहीत. नवरा-बायकोने एकमेकांना हजार-हजार पॉइंट्स देऊन दोघांची खाती जिवंत ठेवण्याची युक्ती तिथे चालत नाही. मीही करून बघितली होती.

आता काय चालतं.

हॉटेलमध्ये एक रात्र राहणं हा सरळ मार्ग, पण खोली हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून किंवा थेट फोन करून घेतलेली हवी. बाहेरच्या बुकिंग साइटवरून घेतलेल्या खोलीवर साखळी हॉटेलं सहसा पॉइंट्स देत नाहीत. विमानाचं तसं नाही. तिकीट कुठूनही काढा, सभासद नंबर टाकलेला असला की झालं.

राहायचं नसेल तर जेवा. मॅरियटच्या आशियातल्या बऱ्याच हॉटेलांत तिथे न राहता नुसतं जेवलात तरी सभासदाला पॉइंट्स मिळतात. अशी हॉटेलं पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर आणि पणजीत मिरामारला आहेत. लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण एरवी कुठेतरी होणारच असेल तर ते अशा ठिकाणी करा आणि दोन वर्षांची चिंता मिटवा. सगळीच रेस्टॉरंट्स यात नसतात, त्यामुळे बसण्याआधी विचारा. नंबर बिल छापण्याआधी द्या; बिल निघाल्यावर दिलेला नंबर 'हो मॅडम, टाकतो' म्हणून टाकला जातोच असं नाही. बिलाचा फोटो काढून ठेवा.

बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स थोडे वळते करणं हा घरबसल्या होणारा उपाय. एचडीएफसी, ॲक्सिस, अमेरिकन एक्सप्रेस यांच्या काही कार्डांवरून हॉटेल आणि विमानांच्या खात्यात पॉइंट्स पाठवता येतात. किमान जेवढे पाठवता येतील तेवढेच पाठवा. आपल्याला चमचाभरच हवं आहे. मात्र हे वळतं करणं एकेरी असतं, गेलेले परत कार्डात येत नाहीत. आणि जिथे फक्त विमानप्रवासच हालचाल धरतात तिथे याचा उपयोग नाही.

हॉटेलचं नाव असलेलं कार्डच घरात असेल तर प्रश्न मिटतो. एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ पासून मिळतं. त्यावर भरलेलं विजेचं बिलसुद्धा पॉइंट्स आणतं आणि घड्याळ मागे फिरवतं. पण वर्षाची फी ३,००० रुपये अधिक जीएसटी आहे. वर्षातून एकदा मिळणारी मोफत रात्र खरोखर वापरणार असाल तर घ्या. नुसतं विरजणासाठी गाय विकत घ्यायची गरज नाही.

थोडे पॉइंट्स विकत घेणं हीसुद्धा हालचाल असते. मॅरियटमध्ये १,००० पॉइंट्सना १२.५० डॉलर पडतात, म्हणजे हजार रुपयांच्या वर. एरवी मी पॉइंट्स विकत घेण्याच्या विरोधात आहे. पण खात्यात साठ हजार आहेत आणि हातात दहा दिवस आहेत, अशा वेळी हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

शेवटचा मार्ग खर्च करण्याचा. थोडे पॉइंट्स दान देणं, एखादं छोटं व्हाउचर घेणं. बऱ्याच ठिकाणी दानाचीही हालचाल म्हणून नोंद होते, आणि किमान आकडा लहान असतो.

काहीही करा, मुदतीच्या आधी दोन-तीन महिने करा. राहिलेल्या रात्रीचे पॉइंट्स पडायला आठवडा लागू शकतो, बँकेतून जाणारे काही ठिकाणी त्याहून जास्त. मी वर्षातून दोनदा ती वही उघडते, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. मध्ये साधारण सहा महिने जातात, त्यामुळे वर्षाची मुदत असलेली आयएचजी-अकॉरसारखी खातीही नजरेतून सुटत नाहीत.

तारीख छापलेली असेल तर

इथे विरजण लागत नाही. दूध वापरूनच टाकावं लागतं, आणि वापरण्यासाठी थोडी हुशारी लागते.

पहिली गोष्ट, बहुतेक विमान कंपन्यांत मुदतीच्या आत तिकीट काढणं पुरेसं असतं, त्या तारखेच्या आत उडावं लागत नाही. माइल्स मार्चअखेर जाणार असतील तर मार्चच्या मध्यावर दिवाळीचं तिकीट काढा. मात्र ते रद्द केलंत तर परत येणारे माइल्स मूळच्या तारखेसकट येतात, आणि ती तारीख उलटून गेली असेल तर येतच नाहीत. म्हणून शेवटच्या घटकेला काढलेलं तिकीट म्हणजे पक्कं जायचं, अशीच तयारी ठेवा.

तिकिटाएवढे माइल्स नसतील तर घरच्यांचे एकत्र करता येतात का बघा. एमिरेट्समध्ये 'माय फॅमिली' नावाची सोय आहे. आई-बाबा, मुलं यांचे माइल्स एका ठिकाणी जमतात. दोघांचे आठ-आठ हजार वेगवेगळे पडून राहण्यापेक्षा सोळा हजार एकत्र असले की काहीतरी करता येतं. एकत्र केल्याने मुदत वाढेल असं मात्र धरून चालू नका. आमच्या आई-बाबांच्या वेळी हे माहीत असतं, तर एक तरी सीट वरच्या वर्गात गेली असती.

पैसे भरून मुदत वाढवणं काही ठिकाणी शक्य आहे. क्रिसफ्लायरमध्ये ठराविक शुल्क देऊन सहा महिने मिळतात. शुल्क डॉलरमध्ये नाहीतर माइल्समध्येच देता येतं. त्या सहा महिन्यांत कुठे जायचं हे ठरलेलं असेल तरच वाढवा. नाहीतर सहा महिन्यांनी शुल्कही गेलेलं आणि माइल्सही.

वाचवण्यासारखे आहेत का?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे या छंदात फार होतं. म्हणून धावपळ करण्याआधी एक भागाकार करा.

ज्या हॉटेलात तुम्ही खरोखर जाल, तिथला खोलीचा भाव करासकट बघा. त्याच रात्रीला किती पॉइंट्स मागतात ते बघा. समजा खोली ९,००० रुपयांची आणि पॉइंट्स १५,०००. म्हणजे एका पॉइंटचे ६० पैसे. खात्यात ३,००० पॉइंट्स असतील तर त्यांची किंमत १,८०० रुपये. ते वाचवायला हजार रुपयांचे पॉइंट्स विकत घ्यायचे का? पुढच्या दोन वर्षांत पंधरा हजारांपर्यंत पोहोचणार असाल तर विचार करा. नसाल तर जाऊ द्या. मी अशी दोन खाती जाऊ दिली, आणि झोपेवर काही परिणाम झाला नाही.

विमानाच्या तिकिटात आणखी एक वजाबाकी असते. माइल्सवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि अधिभार रोख भरावे लागतात, आणि ब्रिटिश एअरवेजसारख्या काही कंपन्यांत तो आकडा चांगलाच टोचतो. ६२,००० रुपयांचं तिकीट ४०,००० माइल्स अधिक १८,००० रुपयांत मिळत असेल, तर माइल्सनी वाचवले ४४,००० रुपये. म्हणजे माइलला एक रुपया दहा पैसे. हिशेब या आकड्यावर करायचा.

मुदत नसलेल्या पॉइंट्सचाही असाच भागाकार अधूनमधून करावा. बरणीतलं मीठ नासत नाही, पण कंपनी भाजी मोठी करत जाते. गेल्या वर्षी २०,००० माइल्सला मिळणारं तिकीट या वर्षी २६,००० मागू लागलं, तर मुदत न संपताही आपली शिल्लक घटलेलीच असते. वर्षानुवर्षं साठवून 'कधीतरी बिझनेस क्लास' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमच्या घरात असा एक माणूस आहे. नाव सांगत नाही.

खातं उघडतानाच घड्याळ बघा

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना इथे मोठा फायदा आहे. ज्या कंपनीच्या विमानात बसता, माइल्स तिच्याच खात्यात घातले पाहिजेत असं काही नाही. लुफ्थान्सा, स्विस, टर्किश, सिंगापूर, युनायटेड आणि २०१४ पासून एअर इंडियासुद्धा स्टार अलायन्स या एकाच गटात आहेत. या गटातल्या एका कंपनीने उडून दुसरीच्या खात्यात माइल्स घेता येतात.

आता पुण्यातल्या अशा आजी-आजोबांचा विचार करा, जे तीन-साडेतीन वर्षांनी एकदा लुफ्थान्साने शिकागोला लेकीकडे जातात. माइल्स अँड मोअरमध्ये घातले तर पुढच्या वारीआधीच गेले. तेच युनायटेडच्या खात्यात घातले तर दहा वर्षांनी नातवाच्या मुंजीला लेकीचं तिकीट काढायला उपयोगी पडतील. स्वस्तातल्या तिकिटांवर परक्या खात्यात माइल्स कमी मिळू शकतात, त्यामुळे तिकिटाचा वर्ग कुठला आणि त्यावर किती मिळतात हे आधी बघा. पण कमी मिळून टिकलेले, जास्त मिळून गेलेल्यांपेक्षा बरे. नंबर बुकिंगच्या वेळीच द्या. एका उड्डाणाचे माइल्स एकाच खात्यात जातात आणि नंतर हलवता येत नाहीत.

बँकेच्या कार्डाबाबतही तेच. कार्डाच्या पॉइंट्सना मुदत नसेल किंवा लांबची असेल, तर ते कार्डातच राहू द्या. तिकीट समोर दिसल्याशिवाय विमान कंपनीत पाठवू नका. एकदा पाठवले की त्या कंपनीचं घड्याळ सुरू.

कंपनीच बंद पडली तर

किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा तिच्या माइल्सना विचारणारं कुणी उरलं नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिची माइल्सची योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिचे निम्म्याहून जास्त समभाग अबू धाबीच्या एतिहाद या विमान कंपनीकडे होते. त्यामुळे विमानं नसतानाही माइल्स जगले आणि पुढे इंटरमाइल्स झाले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिचे पॉइंट्स एकास एक एअर इंडियाकडे गेले. तीन कंपन्या, तीन गती. कंपनी डळमळते आहे अशा बातम्या सुरू झाल्या की मुदत कितीही लांब असो, पॉइंट्स वापरून मोकळं व्हावं.

'आज रात्री मुदत संपते' असा मेसेज आला तर

'तुमचे ९,८५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स आज बाद होत आहेत, लगेच लिंक दाबा.' असे मेसेज बँकेच्या नावाने येतात, कधी सोबत ॲपची फाइलही असते. आपण मुदतीची काळजी करणारी माणसं, त्यामुळे जाळ्यात सापडायला आपणच सोपे. लिंक दाबायची नाही, फाइल उतरवायची नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. ॲप स्वतः उघडून तारीख बघायची. वहीत ती लिहिलेली असेल तर ॲप उघडण्याचीही गरज पडत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या हेल्पलाइनला फोन करा. घरातल्या ज्येष्ठांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

पॉइंट्स विकत घेणारे लोकही समाजमाध्यमांवर भेटतात. विकणं जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे. पकडलं गेलं तर उरलेली शिल्लकही जाते आणि खातंही.

मुदत उलटून गेली असेल तर

तरी एकदा विचारा. काही कंपन्या थोडे दिवस उलटले असतील तर शुल्क घेऊन माइल्स परत देतात. काही ठिकाणी नव्याने राहिलात की जुने परत करण्याची सवलत मिळते, तर काही ठिकाणी ऐकणारा माणूस चांगला भेटतो. फोनपेक्षा लिहून मागा. पत्र चार ओळींचं असू द्या: सभासद नंबर, किती पॉइंट्स कुठल्या तारखेला गेले, त्या काळात हालचाल का झाली नाही (आजारपण, बाळंतपण, नोकरी बदलणं, जे खरं असेल ते), आणि पुढची वारी कधीची आहे. पुढच्या वारीचं बुकिंग झालेलं असेल तर त्याचा क्रमांक पहिल्या ओळीत टाका. पहिलं उत्तर बहुधा ठरावीक साच्यातलं नकाराचं येतं. त्यालाच खाली उत्तर देऊन आणखी एकदा नम्रपणे मागा.

बाबांच्या त्या वीस हजारांसाठी आम्ही असं पत्र लिहिलं नाही, कारण वर्ष उलटून गेलं होतं आणि असं विचारता येतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. चिठ्ठी अजून त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरात आहे. तिच्या मागच्या बाजूला आता नवा नंबर आहे आणि खाली माझा ईमेल.